तेविसाव्या खाटेवरची आई

"डोळे घट्ट मिटा, अफ्वा. आत शिकेकाई गेली तर मग मला बोलायचं नाही."

कल्याने हे इतक्या कोरड्या आवाजात म्हटलं की शेजारच्या दगडावर दुसऱ्या म्हातारीचं डोकं चोळत बसलेल्या मा पानला हसू आलं. अफ्वा म्हणजे आजी. आश्रमातल्या सगळ्याच सेविका सगळ्याच म्हाताऱ्यांना अफ्वा म्हणत, पण कल्याच्या तोंडून तो शब्द एका म्हातारीच्या वाट्याला आला की त्यातली सगळी माया जणू वाटेतच सांडून जाई.

"काय गं मा कल्या, या बिचारीनं तुझं काय घोडं मारलंय?" मा पान म्हणाली. "बाकीच्या बावीस जणींशी नुसती साखर पेरत बोलतेस. हिचं डोकं मात्र सगळ्यांच्या शेवटी. पातेल्याच्या तळाला उरलेला गाळ आणि कोमट पाणी."

"कुणीतरी शेवटी असणारच ना."

"दर वेळी हीच?"

कल्याचे हात क्षणभर थांबले… तेवढ्यात खाली मान घालून बसलेली म्हातारीच बोलली. "तिचं बरोबर आहे, बाई. मीच फार कुरकुर करते. शेवटी असलेली बरी." आणि तिनं मान आणखी खाली केली. कल्याची बोटं त्या विरळ, पांढऱ्या केसांतून फिरू लागली. कानामागे, मानेवर, पुन्हा कानामागे. आवाज कितीही तोडका असला तरी त्या बोटांना घाई नव्हती, आणि हे कल्याच्या स्वतःच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

दॉ ओन खिन असं त्या म्हातारीचं नाव; 'दॉ' थोरल्या बायकांना, 'मा' धाकट्यांना आणि 'को' पुरुषांना मानानं लावायचं. वय शहात्तर, खाट तेविसावी. आणि ती कल्याची सख्खी आई होती! हे त्या आवारात दोघींखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

पखोक्कूच्या त्या आश्रमाचा नियम साधा आणि कडक होता. सत्तरी ओलांडलेली, आणि मागेपुढे कुणीही नसलेली बाई असेल तरच खाट मिळे. मुलंबाळं असलेल्या आईला इथं आणून बसवणं म्हणजे त्या मुलांच्या तोंडाला काळं फासणं आणि खरोखर निराधार असलेल्या कुणाची तरी जागा बळकावणं, असं गावाचं म्हणणं. आणि गावच दारात तांदूळ, तेल, डाळ आणून टाकत असल्यामुळे गावाच्या म्हणण्यापुढे कुणाचं काही चालत नसे. सेविकांनाही नियम होता. त्यांनी आवारातल्याच लांबट खोलीत सगळ्यांनी मिळून राहायचं, आणि आपलं माणूस तिथं आणायचं नाही.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार कल्याला अजूनही लख्ख आठवे. तिचं अक्षर सुबक, म्हणून नवी बाई आली की नोंदवही तिच्याकडे असायची. दारातून एक वाकलेली बाई आत आली, बगलेत कपड्यांचं गाठोडं, हातात म्याइंगजवळच्या त्यांच्या जुन्या खेड्यातल्या मुखियाची नाव-वयापुरती चिठ्ठी… आणि कल्याच्या हातातली लेखणी जागच्या जागी थिजली. आईनं तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आश्रमाच्या प्रमुख दॉ न्वे यिन. त्यांना सगळे सयामा म्हणत, म्हणजे बाई, मास्तरीणबाई. त्यांनी विचारलं, "मुलं?"

"नाहीत."

"झालीच नाहीत की गेली?"

"नाहीत, सयामा."

एवढंच! ना आवाज कापला, ना डोळा ओलावला. आणि कल्याने आपल्याच जन्मदात्रीच्या नावापुढे, आपल्याच हातानं, 'अपत्ये नाहीत' असं लिहिलं. तिथल्या तिथे उठून खरं सांगितलं असतं तर? पण आई दाराबाहेर गेली असती आणि पाठोपाठ तीही. आणि नंतर रोज वाटत गेलं की आता बोलायला उशीर झाला.

खरं तर तिच्या मनातली अढी त्या दुपारपेक्षा जुनी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, कल्या अठरा वर्षांची असताना, मग्वेच्या परिचारिका विद्यालयात तिची निवड झाली होती. त्याच महिन्यात तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या भावाला, तेझाला, मंडालेच्या तंत्रविद्यालयात जागा मिळाली. वडील वर्षभरापूर्वीच गेलेले. आई दिवसभर चिरूट वळायची, बोटं तंबाखूनं काळी पडलेली. दोघांना शिकवणं तिच्या आवाक्यात नव्हतं. आईनं भावाचं गाठोडं बांधलं आणि कल्याला म्हणाली, "तू समजूतदार आहेस." समजूतदार! त्या एका विशेषणापायी कल्याचं आयुष्य वळलं. ज्या कामासाठी पांढरी टोपी मिळायची तेच काम ती गेली चौदा वर्षं टोपीशिवाय करत होती. भाऊ शिकला, कामाला लागला, त्यानं लग्न केलं; ती लग्नालाही गेली नाही.

म्हणून तिनं मनाशी पक्कं धरलं की लाडक्या लेकानं म्हातारपणी बाहेर काढलं, आणि मग आईला समजूतदार मुलगी आठवली. आठवली तीही मुलगी म्हणून नव्हे!

एकदाच, न्हाणीत दोघीच असताना, तिनं दबक्या आवाजात विचारलं होतं, "अकोनं हाकललं का तुला?" अको म्हणजे दादा. आई म्हणाली, "पाणी गार होतंय. ओत." पुन्हा कल्याने विचारलं नाही.

आणि मग सुरू झाली ती विचित्र तपश्चर्या. कुणाला संशय येऊ नये, 'हिला जास्त वाढते' असं कुणी म्हणू नये, म्हणून कल्या आईला सगळ्यांत कमी देऊ लागली. उकडलेली अंडी वाटताना सगळ्यांत लहान अंडं तेविसाव्या खाटेवर. जुनं, विरलेलं कांबळं तिथंच. सकाळी गालांना तनाखाच्या सालीचा उगाळलेला लेप लावायची तो बाकीच्यांना गोल गोल फिरवून, आणि तिथं नुसती दोन बोटं ओढून. हे सगळं भीतीपोटी चाललंय अशी ती स्वतःची समजूत घाली. पण खोटं कशाला बोला, त्यात निम्मा राग होता. आईनं तीन वर्षांत एकदाही तक्रार केली नाही, आणि त्यामुळे तो राग जास्तच भडके.

त्या दिवशी न्हाणं आटोपून कल्या फाटकाशी आली तर दॉ फ्वा सो उभी. एकोणऐंशी वर्षांची, खरोखर एकटी, मठाच्या दारातल्या धर्मशाळेत पडून असायची. दर उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या उपवासाच्या, आदल्या दिवशी काठी टेकत यायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"झाली का गं एखादी खाट रिकामी?"

"नाही, अफ्वा."

"म्हणजे सगळ्या जिवंत आहेत. चांगलं आहे." म्हातारी हसली आणि वळली. तिचा डावा पाय घोट्यापासून सुजून चकचकीत झाला होता, चप्पल पायात शिरत नव्हती म्हणून ती हातात होती. कल्या कितीतरी वेळ त्या अनवाणी पायाकडे बघत राहिली. तेविसावी खाट खरी कुणाची आणि तिच्यावर झोपतंय कोण, हा विचार तिच्या मनात आला नाही असा एकही उपोसथ गेल्या तीन वर्षांत गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तदिंज्युतची पौर्णिमा. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो, घरोघरी दिवे लागतात, आणि मुलं, शिष्य, धाकटी माणसं वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागतात. आश्रमात म्हाताऱ्या सकाळपासून नटून चटयांवर ओळीनं बसल्या होत्या. ज्यांना कुणी नाही त्यांना नमस्कार करायला गावातली माणसं फळं, मेणबत्त्या, बिस्किटांचे डबे घेऊन येत. सेविकाही आळीपाळीनं प्रत्येकीपुढे वाकत. कल्या मात्र दर वर्षी नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरात काम मागून घेई. बाकीच्यांपुढे वाकणं सोपं होतं… पण तिथं वाकून, 'अफ्वा, क्षमा करा' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

ती भाताचं पातेलं उतरवत होती तेव्हा मा पान धावत आली.

"अगं, फाटकाशी कुणीतरी तुला विचारतोय. मंडालेहून बसनं आलाय. म्हणतो, मी तिचा भाऊ. तुला भाऊ आहे हे तू कधी बोलली नाहीस!"

कल्याने पातेलं खाली ठेवलं आणि ती फाटकाकडे धावली.

को तेझा फाटकाच्या आत येऊन उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, दोन्ही हातांत टोपली… नारळ, केळ्याचे तीन घड, मेणबत्त्या, आणि वर एक नवी करकरीत लोंजी, लुंगीसारखी नेसायची. बहिणीला पाहून तो हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं.

"बारीक झालीस, कल्या."

"कशाला आलास?"

"आज काय विचारतेस? अमेला नमस्कार करायला आलो. कुठंय ती? तुझ्या खोलीत?" अमे म्हणजे आई.

"हळू बोल," कल्याने मागे बघितलं. "माझ्या खोलीत कशी असेल? तूच घालवलीस ना तिला?"

को तेझाचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. "मी घालवली? मी? कल्या, तिला जिना नको म्हणून मी खाली वेगळी खोली बांधली. माझी बायको तिचे पाय चेपायची. तीन वर्षांपूर्वी एक दिवस तीच म्हणाली, मी कल्याकडे राहायला जाते. ती नोकरीच्या ठिकाणी खोली देतात तिथं राहते, मला घेऊन राहील म्हणालीय. मी म्हटलं, इथं काय कमी पडतंय तुला? तर म्हणाली…"

तो थांबला. टोपली खाली ठेवली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुला मी पुष्कळ पाहिलं. तिला पाहायचं राहिलंय."

कल्याच्या ओठांतून भलतंच बाहेर पडलं. "मग तीन वर्षं तू कुठं होतास?"

"दोन पत्रं टाकली तुझ्या नावानं, याच पत्त्यावर. उत्तर नाही. मला वाटलं तुम्ही दोघी मिळून माझ्यावर रुसलात. तुझं रुसणं काही चुकीचं नव्हतं… म्हणून गप्प बसलो."

ती दोन पत्रं! पाकिटावरचं अक्षर ओळखून कल्याने न फोडताच चुलीत घातली होती, आणि घालताना तिला केवढं समाधान वाटलं होतं. आता ते आठवून तिचे कान तापले.

तेवढ्यात को तेझाची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दालनाकडे गेली. चटईवरच्या ओळीत सगळ्यांच्या शेवटी आश्रमाची तपकिरी लोंजी नेसलेली, छातीवर खाटेच्या आकड्याची चिंधी टाचलेली एक म्हातारी बसली होती, आणि कुणी दोन शाळकरी मुली तिच्यापुढे केळी ठेवत होत्या.

"ती तिथं का बसलीय?" तो पुटपुटला. "त्या ओळीत तर… ज्यांना कुणीच नाही त्या बसतात ना?"

कल्याने त्याची बाही धरली.

"कल्या, तू आपल्या आईला धर्माच्या खाटेवर ठेवलंस?"

"मी नाही ठेवलं. ती आली आणि मुलं नाहीत म्हणाली. अको, ऐक, माझ्याकडे बघ. तू तिथं जाऊन तिला अमे म्हणालास तर आज तिची खाट जाईल. माझीही. गर्दी ओसरू दे, मग बोलू."

"तिला खाट माझ्या घरी आहे," को तेझा म्हणाला. तिनं त्याची बाही धरली होती, ती त्यानं हलक्या हातानं सोडवली, टोपली उचलली आणि तो सरळ दालनाकडे चालू लागला.

कल्या मागोमाग गेली, पण दारापर्यंतच. चौकट धरून ती उभी राहिली. आत जायला ती धजेना आणि परत फिरायलाही.

को तेझा ओळीच्या टोकाला गेला, टोपली ठेवली, गुडघ्यांवर बसला. "अमे."

म्हातारीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं… मग तिनं हात जोडले. "सुखी राहा, बाबा. दीर्घायुषी हो. कुठल्या गावचे तुम्ही?"

"अमे, मी तेझा."

आसपासची कुजबुज थांबली. सयामा न्वे यिन दुसऱ्या टोकाला पाहुण्यांना सरबत देत होत्या, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या आल्या. बुटकी, ताठ कण्याची बाई. रागावली तरी आवाज चढवत नसे, त्यामुळे सगळे तिला जास्तच भीत.

"दॉ ओन खिन, हे कोण?"

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, मोठ्या पोटावर टपटपत होतं, आणि ते पुसायचंही भान त्याला नव्हतं. तिला ते बघवलं नाही.

"माझा मुलगा आहे, सयामा."

"तुम्ही मुलं नाहीत असं सांगितलं होतं."

"खोटं बोलले."

"आणखी कुणी आहे?"

म्हातारीची नजर दाराकडे गेली. तिथं चौकट धरून कल्या उभी होती. बाहेर कुठंतरी मुलं फटाके वाजवत होती, तेवढाच आवाज.

"नाही," दॉ ओन खिन म्हणाली. "हा एकच."

को तेझानं तोंड उघडलं. पण आईचा हात त्याच्या खांद्यावर होता. त्या सुकलेल्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, तिनं त्याला असा दाबला की त्याचे शब्द घशातच राहिले.

"दॉ फ्वा सो त्या धर्मशाळेत पाय सुजवून पडलीय," सयामा हळूच म्हणाल्या. "तीन वर्षं. तुम्ही तिच्या खाटेवर निजलात."

"हो, सयामा. ते पाप माझं. मी आजच मुलाबरोबर जाते."

किती सोपं होतं सगळं! खाट फ्वा सोला मिळणार. आई खालच्या खोलीत, सुनेच्या हातचं जेवत राहणार. आणि कल्याला तिची नोकरी, तिच्या बावीस अफ्वा, तिचा कोपरा. कुणाचं काही अडत नव्हतं. त्यासाठी तिनं एकच गोष्ट करायची होती. स्वयंपाकघरात परत जायचं.

पण तिच्या कानांत तो शब्द घुमत राहिला. 'नाही.' तीन वर्षांपूर्वी ऐकला तोच, तसाच, न कापलेल्या आवाजातला. आणि आज, फाटकाशी ऐकलेल्या त्या एका वाक्यानंतर, कल्याला कळलं की तो नकार नव्हता. त्या दिवशीही आई तिला वाचवत होती… आणि आपण मात्र तीन वर्षं तिला सगळ्यांत लहान अंडं वाढत आलो! तिनं चौकट सोडली.

ओले हात लोंजीला पुसत ती दालनातून सरळ गेली, आणि को तेझाच्या डावीकडे, त्याच्या जरा मागे, गुडघे टेकून बसली. मोठं भावंड पुढे आणि त्याच्या डाव्या हाताला धाकटं, हे तिथल्या कुठल्याही घरात तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. दालनातल्या प्रत्येकाला, सयामांनाही, एक शब्द न बोलता सगळं कळलं. मा पाननं तोंडावर हात ठेवला.

"तू आत जा, पोरी," म्हातारी घाईनं म्हणाली. "भात करपेल."

"भात उतरवलाय."

"जा म्हणते ना."

कल्या वाकली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा तिचं कपाळ चटईवरून उठेना. "कायेनं काही चुकलं असेल… वाचेनं काही चुकलं असेल… मनानं काही चुकलं असेल, तर क्षमा कर. मनानं फार चुकलं गं, अमे. मनानं रोज चुकलं."

आशीर्वादाचे शब्द आलेच नाहीत. इतक्या वर्षांत कुणी म्हातारीला रडताना पाहिलं नव्हतं आणि आताही ती रडली नाही, रागावली.

"मूर्ख कुठली. एकदा तुझं शिक्षण सोडायला लावलं मी. दुसऱ्यांदा तुझी नोकरी माझ्यापायी जायला नको म्हणून तर नाही म्हणाले. आणि तू येऊन बसलीस."

"मला वाटलं, तुला ते सहज आलं तोंडात."

"सहज?" म्हातारी म्हणाली. "मंडालेपासून बसमध्ये तो एकच शब्द घोकत आले. शेजारची बाई मला विचारत होती, काय पुटपुटतेस, मंत्र का?"

को तेझा हुंदक्यातच हसला. कल्याने डोकं वर केलं. "मला सांगितलं का नाहीस, अको ठेवायला तयार होता म्हणून?"

"तू मला परत पाठवली असतीस."

"मी तुला शेवटी न्हाऊ घालायची, अमे. गाळानं. थंड पाण्यानं…"

"शेवटी असलं की मागं कुणी थांबलेलं नसतं," आई म्हणाली. "बाकीच्यांना तू भराभर उरकायचीस. माझ्या डोक्यातून तुझे हात सावकाश फिरायचे. मी वाट बघायची त्या दिवसाची."

कल्याला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि अठराव्या वर्षापासून साठलेलं सगळं तिथं सांडलं. आईचे तंबाखूनं कायमचे डागळलेले हात तिच्या डोक्यावर नुसते ठेवलेले होते.

मग सयामा म्हणाल्या, "मा कल्या, नोंदवहीतलं ते अक्षर तुझं आहे."

"हो, सयामा."

"चौदा वर्षांत तुझ्या कामावर मला कधी लक्ष ठेवावं लागलं नाही. म्हणून जास्त लागलं." त्यांनी एक श्वास घेतला. "नियम मी केलेला नाही, पण मोडणारही नाही. संध्याकाळपर्यंत तेविसावी खाट रिकामी झाली पाहिजे. आणि सेविकांच्या खोलीतली तुझीही."

एवढं बोलून त्या निघून जातील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या खाली बसल्या, कल्याच्या मागे, आणि दर वर्षीप्रमाणे दॉ ओन खिनला तीन वेळा नमस्कार करूनच उठल्या.

दुपारी कल्याने स्वतःच्या हातांनी ती खाट झाडली, नवी चादर घातली, आणि धर्मशाळेत जाऊन दॉ फ्वा सोला हात धरून घेऊन आली.

"कोण गेलं गं?" म्हातारीनं खाटेवर बसत भीत भीत विचारलं.

"कुणी गेलं नाही, अफ्वा. माझी आई माझ्याबरोबर घरी चाललीय."

"तुला आई होती?"

"आहे."

"मग बरं," दॉ फ्वा सो म्हणाली आणि सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं चादरीवर ठेवला. कल्याने तिच्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं चांगलं कांबळं तिच्या पायांवर घातलं.

को तेझाचा हट्ट होता की दोघींनी मंडालेला यायचं. आईनं ऐकलं नाही. "तुझ्या घरी मला काही कमी नव्हतं, तेझा. तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण कल्याला इथं चार घरं ओळखतात, आजारी म्हाताऱ्या माणसांकडे बसायला तिला कुणीही बोलावील. तिला आता कुणाच्या घरी आश्रित नाही करायचं मला." को तेझा म्हणाला, "ठीक आहे. या खेपेला तिचं आधी." मा पानच्या मामीकडे, नदीच्या अंगाला, कांबळी विणायच्या मागाशेजारी एक खोली रिकामी होती. मा पाननं रडत रडतच ती ठरवून दिली, आणि वर कल्याला बजावलं की तिथं तरी माणसासारखं पाणी तापवत जा.

संध्याकाळ होऊ लागली तेव्हा फाटकाशी सायकलला जोडलेली बाजूगाडी आली. तिच्यात दोन माणसं बसतात ती पाठीला पाठ लावून, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. कल्या पुढे बसली, आई मागे. मागून को तेझा पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन चालू लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांतून मेणबत्त्या लागत होत्या, पोरं कागदी कंदील मिरवत होती. शंभरएक पावलं गाडी गेली असेल.

"कल्या."

"काय, अमे?"

"तुझं तोंड दिसत नाही मला."

"गाडीच अशी असते. जागा बदलायची का?"

"बदलून काय उपयोग? तेव्हाही पाठच." म्हातारीनं गाडीवानाच्या पाठीवर थाप मारली. "थांबव रे. मी उतरते."

"अमे, वेड लागलंय का? तुझे गुडघे…"

"तीन वर्षं चोरून चोरून बघितलं," आई म्हणाली. "आता कुणाची भीती नाही, तर तुझ्याकडे पाठ करून बसू?"

को तेझानं पेटी गाडीत ठेवली. म्हातारीनं एक हात त्याच्या दंडाला घातला, दुसरा कल्याच्या. आणि मान वाकडी करून, वाटेकडे अजिबात लक्ष न देता, लेकीच्या तोंडाकडे बघत ती चालू लागली. गाडीवान सायकल हातात धरून बाजूनं येत होता. दर दहा पावलांवर तिला थांबावं लागत होतं, आणि थांबली की ती कल्याला काहीतरी विचारत होती… ही डोळ्याखालची खूण कसली, पुढचा दात केव्हा पडला, इतके पांढरे केस कधी झाले. कल्या एकेकाचं उत्तर देत होती.

मामीचं घर तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. त्यांना पोचायला दोन तास लागले.